घाटावरचा गचका, घाटाखालचा हेलकावा
सायकलच्या सीटखाली शॉकअप हवा का, आणि हवा असेल तर कोणता?

बुलढाणा जिल्ह्यात नवी ओळख झाली की नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही. घाटावरचं की घाटाखालचं, हेही सांगावं लागतं. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे खालचे, पूर्णेच्या खोऱ्यातले. मध्ये राजूरचा घाट, बोथ्याचा घाट. वरची हवा वेगळी, खालची वेगळी. जमीन वेगळी, पाणीही वेगळं. सायकल चालवणाऱ्याला आणखी एक फरक कळतो. वरचा रस्ता एका तऱ्हेने हादरवतो आणि खालचा दुसऱ्या तऱ्हेने.

घाटावर बऱ्याच ठिकाणी माती उथळ आहे. थोडं खणलं की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. शिवारातल्या आणि आडगावांच्या वाटा मुरमाच्या, खडीच्या. चाकाखाली बारीक, जवळजवळचे गचके बसत राहतात. घाटाखाली पूर्णाकाठची खोल काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता दर वर्षी थोडा उचलला जातो, थोडा खचतो. डांबर सलग दिसतं, पण त्याला लांबलांब लाटा आलेल्या असतात आणि कडा बसलेल्या असतात. तिथे गचक्यापेक्षा हेलकावा जास्त. ही वाटणी ढोबळ आहे. चिखलीकडेही खोल काळी जमीन आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोटेही आहेत. पण सायकलच्या सीटखाली शॉकअप बसवावा का, या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे.

हा प्रश्न आता जिल्ह्यातही विचारला जातो. सकाळी व्यायामाला निघणारे, शेगावला दर्शनाला सायकलने जाणारे, मेहकरहून लोणारचं सरोवर बघायला निघणारे असे हौशी सायकलस्वार गावोगाव दिसतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला असला तरी त्यावर सायकलीला परवानगी नाही. त्यामुळे सायकलवाल्याच्या वाट्याला जुने रस्ते आणि गावरस्तेच येतात. पाठ आणि बैठक दुखू लागली की कुणी तरी सांगतं, सीटखाली शॉकअप टाकून घे. सीट ज्या नळीवर बसवलेली असते ती सीटपोस्ट. तिच्यात स्प्रिंग, रबर किंवा लवचीक पट्टी बसवली की ती सस्पेन्शन सीटपोस्ट होते. वस्तू कामाची आहे. पण ती सगळ्या रस्त्यांवर सारखी चालत नाही, सगळ्या माणसांना सारखी लागत नाही आणि चुकीची घेतली तर त्रास वाढवते. म्हणून ती कसं काम करते ते आधी समजून घेऊ.

सेकंदाला किती झटके?

झटक्याच्या उंचीइतकंच महत्त्व त्याच्या लयीला असतं. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. आपला सायकलस्वार साधारण याच वेगाने जातो. रस्त्याला ५ मीटर लांबीच्या लाटा असतील तर त्याला सेकंदाला एक हेलकावा बसेल. लाटा ३ मीटरच्या असतील तर सेकंदाला दोनाहून थोडे कमी. सुक्या मुरमाच्या रस्त्यावर वाहनांच्या चाकांमुळे आडव्या वळ्या पडतात, त्यांच्यातलं अंतर बहुधा अर्धा ते एक मीटर असतं. म्हणजे सेकंदाला ५ ते १० गचके. पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत २० सेंटिमीटरवर सांधा असेल तर सेकंदाला २५. खडीच्या रस्त्यावर ५ सेंटिमीटरचे दगड शेजारीशेजारी असतील तर सेकंदाला १००. वेग दुप्पट झाला की हे सगळे आकडे दुप्पट होतात.

आता माणसाच्या शरीराकडे पाहू. बसलेल्या माणसाच्या धडाला उभ्या दिशेने हलवलं तर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी हालचाल त्याला सर्वांत जास्त जाचते. पोट, खांदे, पाठीचा कणा यांची स्वतःची लय त्याच टप्प्यात पडते. कंपनांचा शरीरावर होणारा परिणाम मोजण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात, त्यातही उभ्या कंपनांसाठी याच पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलेलं आहे. झोक्याला त्याच्याच लयीत हात लावत राहिलं की तो थोड्या जोरावर उंच जातो, तसं हे होतं. बाहेरून येणारा धक्का शरीराच्या लयीशी जुळला की लहान धक्काही मोठा होतो. म्हणून मुरमाच्या वळ्यांवरची तासाभराची वाट माणसाला जेवढी थकवते, तेवढी लाटा पडलेल्या डांबरावरची दुप्पट वाट थकवत नाही.

ताठ बसून सायकल चालवताना सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकावर असतं. सीटमधून येणारा धक्का सरळ कण्यात जातो. त्यामुळे सीटखाली काही करावं ही कल्पना रास्त आहे आणि ती जुनीही आहे. फ्रान्समध्ये १८६० च्या दशकात बनलेल्या मिशो सायकलींना लोखंडी धाव होती. त्यांची सीट एका लांब पोलादी पट्टीवर बसवलेली असे आणि ती पट्टी लवून धक्का खाई. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टला हवा भरलेलं टायर आणलं आणि धक्का खाण्याचं मुख्य काम टायरकडे गेलं. तरी सीटखालची स्प्रिंग टिकून राहिली. आपल्याकडच्या काळ्या दांडीच्या सायकलींवर, मग ती ॲटलस असो, हिरो असो की हर्क्युलिस, सीटच्या मागच्या बाजूला दोन गुंडाळलेल्या स्प्रिंगा असतातच. २८ इंची चाक, दीड इंच रुंद टायर, मागे कललेली फ्रेम आणि स्प्रिंगची सीट या चार गोष्टींच्या जोरावर त्या सायकलींनी खेड्यापाड्यांत टपाल, दूध आणि धान्याची पोती वाहिली. आजची चकचकीत सायकल त्याच रस्त्यावर हाडं खिळखिळी करते, कारण तिचं टायर बारीक आहे, हवा कडक आहे, सीट पातळ आहे आणि फ्रेम ताठ आहे.

आधी हवा बघा

शॉकअपवर पैसे घालण्याआधी टायरकडे बघावं. बिनपैशाचा आणि सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. टायर दोन्ही चाकांना असतं, म्हणून हातांनाही आराम मिळतो. सीटखालचा शॉकअप हातांसाठी काहीच करत नाही. शिवाय खडीचे सेकंदाला शंभर बसणारे बारीक धक्के टायर जितक्या सहज गिळतं तितके कोणतीही नळी गिळत नाही.

पंक्चरच्या दुकानात अंगठ्याने दाबून टायर दगडासारखं लागेपर्यंत हवा भरायची सवय आहे. काँक्रीटच्या सपाट रस्त्यावर ती चालून जाते, गावरस्त्यावर मात्र घातक ठरते. अमेरिकी सायकलतज्ज्ञ फ्रँक बर्टो यांनी मांडलेली एक साधी कसोटी आहे. आपण बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्क्यांनी दबावी. ४० मिलिमीटरच्या टायरला ही दब ६ मिलिमीटर येते. भिंतीला टेकून सायकलवर बसा आणि मागच्या चाकाच्या रिमची जमिनीपासूनची उंची दुसऱ्या कुणाला आधी आणि नंतर मोजायला सांगा. ७५ किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या मागच्या टायरमध्ये साधारण ५० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. पुढे त्याहून थोडी कमी चालते. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल आणि किमान मर्यादा मात्र पाळायची. हवा फार कमी झाली तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात.

घाटाखालच्या उन्हाचाही हिशेब धरावा. सकाळी २५ अंशांत ५० पीएसआय भरलेलं टायर उन्हात आणि तापल्या डांबरावर ५५ अंशांपर्यंत गरम झालं तर आतला दाब ५६ च्या वर जातो. एप्रिल-मेमध्ये दिवसा निघायचं असेल तर हवा थोडी कमीच ठेवावी.

फ्रेममध्ये आणि चिमट्यात जागा असेल तर टायर रुंद करावं. २८ मिलिमीटरचं काढून ३५ किंवा ४० चं घातलं की त्याच माणसाला कमी हवेत चालवता येतं. फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे या दगडी वाटांच्या प्रसिद्ध शर्यतीत १९९० च्या दशकात काही स्पर्धकांनी पुढच्या चिमट्यात शॉकअप लावून विजय मिळवले होते. आज तिथले बहुतेक स्पर्धक रुंद टायर आणि कमी हवेवर भिस्त ठेवतात.

दुसरी पायरी सीटची. बसल्यावर ज्या दोन हाडांवर भार येतो, त्यांना नीट आधार मिळेल इतकी सीट रुंद हवी. सीट फार मऊ असली तर हाडं आत रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. बधिरपणा, मुंग्या, घासून निघालेली कातडी या तक्रारी बहुतेक वेळा सीटचा आकार, तिचा कल किंवा उंची चुकल्यामुळे येतात. त्यांवर शॉकअप हा इलाज नाही. दुखणं पायात उतरत असेल किंवा विश्रांती घेऊनही जात नसेल तर सायकलच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावं.

हवा, टायर आणि सीट जागेवर आल्यावरही वळ्यांच्या रस्त्यावर पाठ बोलत असेल, तर मग शॉकअपची नळी घ्यावी.

नळ्यांचे तीन प्रकार

पहिला प्रकार नळीत नळीचा. बाहेरच्या नळीत आतली नळी सरकते आणि मध्ये स्प्रिंग किंवा रबर असतं. हा सर्वांत स्वस्त, सर्वत्र मिळणारा आणि बसवायला सोपा. याच्या दोन अडचणी आहेत. सीटची नळी मागे कललेली असते, त्यामुळे तिच्यातून सरकणारी सीट दबताना खाली आणि थोडी पुढे येते. मागच्या चाकाला बसलेला धक्का मात्र वर आणि मागे ढकलत असतो. दोन दिशा जुळत नाहीत, नळ्या एकमेकींवर घासतात आणि बारीक गचक्यांना स्प्रिंग दबतच नाही. दुसरी अडचण अशी की काही महिन्यांनी आतल्या खोबणी झिजतात आणि सीट डावी-उजवीकडे डुलू लागते. शिवाय सीट दबली की पायडलपासूनचं तिचं अंतर कमी होतं, त्यामुळे पायाचा ताल बिघडतो. गावात ये-जा करणाऱ्याला हा प्रकार चालेल. लांब पल्ला मारणाऱ्याला तो लवकर कंटाळा आणतो.

दुसरा प्रकार जोडपट्ट्यांचा. सीट आणि नळी यांच्यामध्ये चार बिजागऱ्यांची चौकट असते आणि ती स्प्रिंगवर किंवा रबरावर दबते. सीट खाली जाताना मागेही सरकते. त्यामुळे पायडलपासूनचं अंतर जवळपास तेवढंच राहतं आणि हालचाल धक्क्याच्या दिशेशी जुळते. बिजागऱ्यांत घर्षण कमी असल्याने बारीक गचकेही पकडले जातात. या जातीचा थडबस्टर हा नमुना १९९० च्या दशकात अमेरिकेत रायन मॅकफार्लंड यांनी काढला. पुढे तो केन क्रीक या कंपनीने बनवला. हेच मॅकफार्लंड नंतर लहान मुलांच्या बिनपायडलच्या स्ट्रायडर सायकलींमुळे ओळखले गेले. थडबस्टरमध्ये रबराचे ठोकळे असतात. त्याचा आखूड नमुना ५० मिलिमीटर दबतो आणि लांब नमुना ९० पर्यंत. सनटूरची एनसीएक्स ५० मिलिमीटरची आहे आणि तिच्यात स्प्रिंग आहे. रेडशिफ्टची शॉकस्टॉप ३५ मिलिमीटर दबते, तिच्यात वजनाप्रमाणे स्प्रिंगा बदलता येतात. किंमत हा या प्रकाराचा मोठा दोष. आयात केलेली चांगली नळी कित्येकदा साध्या अख्ख्या सायकलीहून महाग पडते. वजनही वाढतं. साधी नळी पाव किलोच्या आसपास असते, ही अर्धा किलो ते पाऊण किलोच्या पुढे जाते.

तिसरा प्रकार लवणाऱ्या नळीचा. यात हलणारा सांधा नसतो. कार्बन धाग्यांची नळी किंवा दोन पातळ पट्ट्या स्वतःच लवतात. अर्गन आणि कॅनियन यांची दोन फाळक्यांची नळी याच जातीची. ती हलकी असते आणि देखभाल जवळजवळ शून्य. पण दब थोडी, साधारण २० मिलिमीटरपर्यंत. नळी जितकी बारीक आणि फ्रेमबाहेर जितकी जास्त, तितकी ती जास्त लवते. डांबरावर लांब जाणाऱ्यांसाठी, पेव्हर ब्लॉक आणि उखडलेल्या डांबराच्या चरचरीसाठी ही चांगली. मुरमाच्या खोल वळ्यांना ती पुरी पडत नाही.

स्प्रिंग किती मऊ हवी?

बहुतेक खरेदी इथे फसते. दुकानात नळी दाबून बघतात आणि जास्त मऊ ती चांगली असं समजून घेतात.

वजनाखाली स्प्रिंग किती दबते त्यावरून तिची स्वतःची लय कळते. आधीचा ताण न देता १ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला सुमारे ५ वेळा हलते. २ सेंटिमीटर दबणारी साडेतीन वेळा आणि ४ सेंटिमीटर दबणारी अडीच वेळा. स्वतःच्या लयीच्या साधारण १.४ पटीहून जलद येणारे धक्केच ती कमी करते. त्याहून संथ धक्के ती तसेच वर पाठवते आणि लयीशी जुळणारे धक्के वाढवून पाठवते. म्हणजे १ सेंटिमीटर दबणारी नळी सेकंदाला ७ हून जास्त धक्के असतील तरच कामाला येते. २ सेंटिमीटरवाली ५ पासून पुढे, तर ४ सेंटिमीटरवाली साडेतीनपासून पुढे.

मग सर्वांत मऊ का नको? कारण पायडल. मिनिटाला ७५ फेरे मारणारा माणूस दोन्ही पायांनी मिळून १५० जोर लावतो, म्हणजे सेकंदाला अडीच. नळीची लयही अडीचची असेल तर प्रत्येक जोराला सीट वर-खाली होत राहते. राजूरचा किंवा बोथ्याचा चढ चढताना हे नाचणं असह्य होतं आणि ताकदही वाया जाते. म्हणजे पायाची लय अडीचच्या आसपास आणि शरीराला जाचणारी लय ४ पासून पुढे. चांगल्या नळीची जागा या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात, साधारण तीन-साडेतीनच्या आसपास आहे.

घाटाखालच्या हेलकाव्याचं कोडंही यातच सुटतं. सेकंदाला एक-दोन वेळा येणारी लांब लाट सीटखालची कोणतीही नळी पुसू शकत नाही. तिथे मऊ नळी घेतली तर हेलकावा वाढतो. अशा रस्त्यावर रुंद टायर, बेताची हवा आणि स्प्रिंगची साधी सीट पुरते. नळी घ्यायचीच असेल तर थोडी कडक घ्यावी. घाटावरच्या मुरमाच्या वळ्यांवर मात्र सेकंदाला ५ ते १० गचके येतात. तिथे जोडपट्ट्यांची, ३५ ते ५० मिलिमीटरची, वजनाला जुळवलेली नळी खरोखर फरक पाडते.

जुळवणी अशी करावी. बहुतेक नळ्यांमध्ये स्प्रिंगला आधी ताण देण्याचा स्क्रू असतो. नेहमीच्या कपड्यांत, पाठीवरच्या पिशवीसकट बसा आणि सीट किती खाली गेली ते मोजा. ही दब एकूण प्रवासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी असावी. ५० मिलिमीटरच्या नळीला म्हणजे १० ते १२ मिलिमीटर. स्क्रू आवळला की बसल्यावरची दब कमी दिसते, पण स्प्रिंग मूळची जितकी मऊ आहे तितकीच राहते. त्यामुळे वजनाला न जुळणारी स्प्रिंग स्क्रूने दुरुस्त होत नाही, ती बदलावी लागते. नळी घेताना आपल्या वजनाची स्प्रिंग किंवा रबर सोबत मिळतं का, हे दुकानदाराला आधी विचारा. ५० किलोच्या मुलीला आणि ९० किलोच्या माणसाला एकच नळी चालत नाही. स्क्रू नळीच्या तळाशी असेल तर तो सैल करताना नळीच्या काठाबाहेर येऊ देऊ नये.

खरेदीपूर्वी तीन मापं

पहिलं माप नळीच्या जाडीचं. जुनी नळी बाहेर काढली की तिच्या खालच्या भागावर आकडा कोरलेला दिसतो. २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर ही मापं जास्त आढळतात. साध्या सायकलींत २५.४ आणि २८.६ ही असतात. यात दशांश मिलिमीटरचाही फरक चालत नाही. बारीक नळी जाड फ्रेममध्ये धातूचं कडं, म्हणजे शिम, घालून बसवता येते. जाड नळी बारीक फ्रेममध्ये कुठल्याही युक्तीने बसत नाही. जबरदस्तीने ठोकली तर फ्रेम फाटते.

दुसरं माप उंचीचं. फ्रेमवरच्या पकडीपासून सीटखालच्या तारांपर्यंत किती नळी बाहेर आहे ते मोजा. जोडपट्ट्यांच्या आखूड नळीला साधारण १० सेंटिमीटर जागा लागते, लांब प्रवासाच्या नळीला १५ च्या आसपास. बुटक्या माणसाला किंवा मोठ्या फ्रेमच्या सायकलीला ही जागा नसते. मग नळी कितीही चांगली असली तरी सीट फार उंच होते. बसवताना नळीवरची किमान आत जाण्याची खूण फ्रेमच्या आत राहिलीच पाहिजे. ती बाहेर ठेवून चालवणं धोक्याचं आहे. बसल्यावर सीट जेवढी दबते तेवढी ती आधीच वर ठेवावी, म्हणजे गुडघ्यावर ताण येत नाही.

तिसरं माप मागच्या जागेचं. जोडपट्ट्यांची सीट दबताना मागे सरकते. कॅरिअरवर डबा, पोतं किंवा लहान मुलाची खुर्ची असेल तर ती सीटला आपटते. सीटपोस्टलाच पकडून बसणारं कॅरिअर अशा नळीवर लावू नये. काळ्या दांडीच्या जुन्या सायकलीला तर ही नळी शोधूच नये. तिच्या सीटची पकड वेगळ्या घडणीची असते, आणि नवी स्प्रिंगची सीट टाकली की तिचं काम होतं.

ऊन, धूळ आणि पाऊस

रबराच्या ठोकळ्यांवर तापमानाचा परिणाम होतो. थंडीत ते कडक होतात, उन्हात मऊ पडतात. घाटावर डिसेंबरच्या पहाटे नीट वाटणारी नळी खामगावच्या मे महिन्यात तळाला आदळू शकते. वर्षभर दोन्हीकडे फिरणाऱ्याने पोलादी स्प्रिंगची नळी घ्यावी किंवा रबराचे दोन कडकपणाचे ठोकळे जवळ ठेवावेत. काही वर्षांनी रबर आपसूक वाळतं आणि बदलावं लागतं.

काळ्या मातीची बारीक धूळ तेलात मिसळली की सांधे खाते. म्हणून जमलं तर नळीवर कापडी किंवा रबरी आवरण घालावं आणि पाण्याचा जोरदार फवारा सांध्यांवर मारू नये. पावसाळ्यात महिन्यातून एकदा नळी बाहेर काढून पुसावी, धातूच्या नळीला हलकं ग्रीस लावून परत बसवावी, सगळे बोल्ट तपासावेत. कार्बनच्या नळीला साधं ग्रीस लावू नये, तिच्यासाठी वेगळा लेप मिळतो. सीट धरून डावी-उजवीकडे हलवून बघावी. खडखड वाढली असेल तर बिजागरीच्या पिना किंवा खोबणी बदलण्याची वेळ झाली असं समजावं.

कुणी घ्यावी, कुणी नको

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गावाकडच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. त्या मुलींची वाट साधारण ५ किलोमीटरच्या आतली असते. त्यांना महागड्या नळीची गरज नाही. सीटची उंची त्यांच्या पायाला जुळवून द्यावी, हवा बेताची ठेवावी, स्प्रिंगची सीट टाकावी. हे काम गावातलं कोणतंही सायकलचं दुकान करू शकतं आणि शाळांनी वर्षाच्या सुरुवातीला ते करून घ्यावं. चुकीच्या उंचीच्या सीटमुळे गुडघे दुखले की मुली सायकल चालवणं सोडून देतात आणि त्यातून शाळाही सुटू शकते.

घाटाखाली डांबरावर फिरणाऱ्यांनी आधी टायर बदलावं आणि महिनाभर चालवून बघावं. बहुतेकांना पुढे काही लागणार नाही. घाटावर मुरमाच्या वाटा रोज तुडवणारे, पन्नाशी ओलांडलेले, कंबरेच्या दुखण्यातून डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा सायकलवर आलेले, सरळ बसून लांब जाणारे, यांनी जोडपट्ट्यांची नळी घ्यावी. ती खर्च सार्थ करते. बॅटरीवर चालणारी सायकल वापरणाऱ्यांनाही तिचा चांगला उपयोग होतो, कारण त्या सायकलीवर माणूस जास्त वेळ आणि जास्त वेगाने बसून राहतो.

एक गोष्ट मात्र कोणतीही नळी करू शकत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असावा. गावागावांत मात्र हातभर लांबीचे उभे उंचवटे असतात. असा उंचवटा किंवा खोल खड्डा आला की पायडल आडवे समांतर ठेवून सीटवरून उठावं, कोपर आणि गुडघे सैल सोडावेत. घाट उतरताना तर हे हमखास करावं. अडीच-तीनशे मिलिमीटर दबणारे आणि आपल्या वजनाला आपोआप जुळणारे आपले पाय हेच सायकलवरचे सर्वांत चांगले शॉकअप आहेत.

म्हणून क्रम ठेवा. आधी हवा, मग टायर, मग सीट आणि त्यानंतरच नळी. नळी घ्यायची ठरली तर आपल्या रस्त्यावर गचके जास्त की हेलकावे हे बघा, आपलं वजन सांगा, तीन मापं घेऊन दुकानात जा आणि त्याच रस्त्यावर चालवून बघू देणाऱ्या दुकानदाराकडूनच घ्या. फक्त मऊ लागते म्हणून घेऊ नका.